हंबरणारी म्हैस

“अहो, ती मरते! कादंबरीत ती मरते!”

मागच्या रांगेतला एक गृहस्थ अंधारात उभा राहून ओरडला. पडद्यावर गिरजा हसत होती आणि आम्ही टाळ्या वाजवत होतो. माझ्या शेजारच्या हिराबाईनं तर तोंडात बोटं घालून शिट्टी मारायचा प्रयत्न केला होता, पण कवळीमुळं नुसती हवा गेली. त्या ओरडण्यानं आमच्या टाळ्या अर्ध्यात थांबल्या.

“विहिरीत उडी टाकून मरते ती! शेवटच्या पानावर! यांनी सगळं बदललं!”

“बसा हो खाली,” पुढून कोणीतरी म्हणालं. “तुमच्या पुस्तकात मरू दे. इथं जगू दे.”

आमच्यातल्या कांबळेताई वळल्या. त्या सरकारी कचेरीत मोठ्या हुद्द्यावर होत्या, निवृत्त होऊन कितीतरी वर्षं झाली तरी आवाज तोच आहे. “माहीत नसताना कशाला बोलता? कादंबरीतसुद्धा ती जगते. आम्ही अख्खी ऐकलीय.”

“ऐकलीय? बाई, मी ती शिकवलीय!” गृहस्थानं पिशवीतून पुस्तकच काढलं आणि मोबाइलचा उजेड त्यावर धरला. “हे बघा शेवटचं पान. घ्या, वाचा.”

कांबळेताईंनी वाचलं. मग त्यांनी, हिराबाईनं आणि मी, तिघींनी रांगेच्या टोकाला बसलेल्या शेखबाईंकडं पाहिलं. ती कादंबरी आम्हाला त्यांनी वाचून दाखवली होती. पडद्यावर नावं वर चालली होती. शेखबाई एरवी ती नावं शुद्धलेखन तपासायला शेवटपर्यंत वाचायच्या. त्या दिवशी त्यांनी डोळे मिटून घेतले होते.

शेखबाई खोटं बोलल्या असतील, हे आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात कधी आलं नव्हतं.

शेखबाई महापालिकेच्या शाळेत मराठी शिकवायच्या. सकाळची शाळा. वारज्यातल्या आमच्या तीन मजली इमारतीत त्या सगळ्यात वर राहायच्या, गच्चीच्या जिन्यासमोर. त्यांच्या यजमानांचं, शेखसाहेबांचं, कॅम्पात घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. साहेब कमी बोलायचे. बाई म्हणायच्या, “ते दिवसभर टिकटिक ऐकतात, घरी आल्यावर माझी ऐकतात. त्यांना बोलायला वेळ कुठाय?”

बाई आम्हा सगळ्यांना आडनावानं हाक मारायच्या, हजेरी घेतल्यासारखी. मी जगताप. हिराबाई ढमाले. कांबळेताई एवढ्या साहेबीण, पण त्यांनाही नुसतं “कांबळे”. आणि कांबळेताई “हो बाई” म्हणायच्या.

नवीन कोणी भेटलं की बाईंना हमखास म्हणायचं, “अय्या, तुमचं मराठी किती छान आहे हो!” बाई त्या माणसाला वरपासून खालपर्यंत बघायच्या आणि म्हणायच्या, “तुमचंही बरं आहे.” बोलणाऱ्याला ते कळायला जिना उतरेपर्यंत वेळ लागायचा.

त्यांच्या पर्समध्ये पावडर, आरसा असलं काही नसायचं. खडू असायचा. भाजीवाल्याच्या पाटीवर ‘मेथि’ दिसली की तिथंच उभ्या राहून वेलांटी दीर्घ करायच्या. तो म्हणायचा, “बाई, मेथी तीच हाय की.” बाई म्हणायच्या, “आता तीच आहे. मघाशी नव्हती.” एकदा सोसायटीच्या चिटणीसानं फळ्यावर लिहिलं, ‘उद्या पाणि येनार नाही.’ बाईंनी त्याखाली लिहिलं, ‘उद्या पाणी येणार नाही. असं लिहिणाऱ्यांकडे येऊही नये.’ चिटणीस महिनाभर त्यांच्याशी बोलला नाही. बाईंना ते महिना संपल्यावर कळलं.

त्यांचं वाचन जिन्यात चालायचं. नळ येऊन गेला, पिंपं भरली, की आम्ही बायका तिसऱ्या मजल्याच्या पायऱ्यांवर बसायचो. हातात निवडणं, टिपणं, काहीतरी असायचंच. बाई सगळ्यात वरच्या पायरीवर पाट टाकून बसायच्या. कांबळेताई कचेरीतून आल्या की घरात न जाता पर्ससकट तिथंच टेकायच्या. मी चौथीपर्यंत शिकलेय. पोळ्या करून देण्यात माझं आयुष्य गेलं. हिराबाई मुळशीकडची, ती सहीपुरती शिकली. आम्हाला पुस्तक म्हणजे शेखबाईंचा आवाज.

बाई नुसत्या वाचायच्या नाहीत. मध्येच पुस्तकात बोट घालून ते मिटायच्या आणि विचारायच्या, “ढमाले, आता गिरजा काय करील?”

“माहेराला जाईल.”

“चूक. खाली बस.” हिराबाई बसलेलीच असायची.

रोज्यांच्या दिवसांत संध्याकाळपर्यंत त्यांचा आवाज बसायचा. आम्ही म्हणायचो, बाई, राहू द्या आज. त्या म्हणायच्या, “पाणी प्यायचं नाही असं आहे. वाचायचं नाही असं नाही.” अजान झाली की पुस्तकात बोट तसंच ठेवून दुसऱ्या हातानं खजूर खायच्या, आम्हालाही एकेक द्यायच्या आणि मग पुढं.

आणि त्या एक शब्द गाळायच्या नाहीत. गिरजेच्या कादंबरीत गावच्या वेशीवरचं एक झाड होतं. लेखकानं त्या झाडावर पानंच्या पानं लिहिली होती. त्याची साल कशी, ढोली कशी, त्यावर कोण कोण पक्षी. हिराबाई कंटाळली. म्हणाली, “बाई, त्या झाडाचं सोडा की. गिरजेचं काय झालं ते वाचा.”

बाई म्हणाल्या, “लेखकानं झाड लावलंय. मी कोण तोडणारी?” आणि सगळं झाड वाचलं, शेंड्यापर्यंत.

म्हणून म्हणते, बाईंचा शब्द आम्हाला छापलेल्या शब्दासारखा होता.

गिरजेची गोष्ट तशी साधी. गावातली बाई, नवऱ्याला नकोशी झालेली, सासूच्या तोंडी सतत. तिचं असं एकच माणूस होतं, ती म्हणजे म्हैस. धार काढताना गिरजा म्हशीशी बोलते. त्या बोलण्याला आम्ही फार हसायचो, कारण सासूबद्दल आम्हाला जे बोलता येत नव्हतं ते सगळं त्यात होतं.

हे वाचन चाललं होतं त्या दिवसांत माझं बरं चाललं नव्हतं. कारण लिहीत नाही. ज्याच्यामुळं ते होतं तो आता नाही, आणि गेलेल्यांबद्दल वाईट मी तोंडानं बोलते, लिहीत नाही. एवढंच सांगते की मी दुपारची गच्चीवर जायला लागले होते. जाऊन कठड्याशी उभी राहायची. खाली यायची. परत जायची.

एका दुपारी बाईंनी दार उघडलं. मी जिन्यात होते.

“जगताप, कपडे कुठायत?”

“कसले?”

“वाळत घालायचे. गच्चीवर चाललीयस ना?”

“नाहीत कपडे.”

“मग वर काय आहे?”

बाई माझ्याकडं बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “आत ये. मेथी आलीय. मला निवडायचा कंटाळा येतो.”

मी मेथी निवडली. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला वरून हाक, “जगताप! लसूण सोलायचाय.” तिसऱ्या दिवशी गहू. मग तूरडाळ, मग शेंगा. त्यांच्या घरात माणसं तीन आणि निवडणं लग्नघराचं. मला वाटायचं, ही बाई आळशी आहे. मी हिराबाईला तसं म्हटलंसुद्धा. हिराबाई म्हणाली, “असंल.” ती स्वतः त्या दिवसांत कधीही बघावं तर गच्चीवरच पसारा मांडून बसलेली असायची.

त्यातच कादंबरी शेवटाला आली. गिरजा घरातून निघते आणि विहिरीकडं चालू लागते, तिथं बाईंनी पुस्तक मिटलं. म्हणाल्या, “उद्या.”

हिराबाई चिडली. “आवं, पान दोन पानं ऱ्हायल्यात. आटपा की.”

“उद्या,” बाई म्हणाल्या. त्यांचं लक्ष पुस्तकाकडं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जिना भरला होता. बाईंनी पुस्तक उघडलं, चष्मा पुसला आणि वाचलं. गिरजा विहिरीशी आली. तिनं पायातल्या वहाणा काढल्या. काठावर बसली. पाण्यात आभाळ दिसत होतं. तिला वाटलं, आता आपलं इथं काही काम उरलं नाही. इतक्यात लांब गोठ्यातून म्हैस हंबरली. धारेची वेळ झाली होती. गिरजेनं मान वर केली. म्हैस पुन्हा हंबरली. गिरजा उठली, वहाणा घातल्या, पदर खोचला आणि म्हणाली, “आले गं, आले.”

बाईंनी पुस्तक मिटलं. “संपलं.”

एरवी त्या बोटाला थुंकी लावून पान उलटायच्या. त्या दिवशी एकही पान उलटलं नाही. मी ते पाहिलं, पण मला वाटलं शेवट एका पानावर मावला असेल.

कांबळेताई डोळे पुसत होत्या. हिराबाई मात्र कपाळाला आठ्या घालून बसली होती.

“बाई, चुकलं हितं.”

“काय चुकलं?”

“म्हैस हंबरत न्हाई. गाय हंबरती. म्हैस रेकती.”

बाईंचा चेहरा उतरला. शाळेत शुद्धलेखनाच्या वह्या तपासणारी बाई, पण जन्म पुण्यात गेला, म्हैस बघितली ती डेअरीच्या पिशवीवर. म्हणाल्या, “लेखकानं लिहिलंय तसं मी वाचलं.”

“मग लेखकाला अक्कल न्हाई,” हिराबाई म्हणाली. “झाडाची सालन्‌साल ठाऊक आन्‌ म्हशीचं एवढं ठाऊक न्हाई?”

तेव्हापासून त्या लेखकाला आमच्या जिन्यात मान राहिला नाही. कुठं त्याचं नाव निघालं की हिराबाई म्हणायची, “ह्यो त्योच ना, हंबऱ्या?” बाई तोंड फिरवायच्या.

पण ते “आले गं, आले” आमच्या घरात शिरलं. कुकरची शिट्टी झाली की आले गं, आले. दूधवाल्यानं घंटा मारली की आले गं, आले. कांबळेताईंनी तर कचेरीतल्या निरोपसमारंभात त्यावर भाषण केलं. त्या कादंबरीनं मला शिकवलं, म्हणाल्या, की बाईनं काठावरून उठून कामाला लागावं. समोर चारदोन लोक एकमेकांकडं बघत होते म्हणे. कांबळेताईंना वाटलं, भाषण फार भिडलं.

माझंही गच्चीवर जाणं सुटलं. कधी सुटलं ते कळलं नाही. वरून बाईंची हाक यायची, मी म्हणायची, “आले गं, आले,” आणि जायची. बाईंना मी एरवी अहो-जाहो करायची, पण ते वाक्य तसंच म्हणावं लागायचं.

बाकीची पुस्तकं बाई मागेल त्याला द्यायच्या. देताना दम द्यायच्या, “पान दुमडलंस तर बोट दुमडीन.” पण गिरजेची कादंबरी त्यांनी कोणाला दिली नाही. कोणी मागितली तर म्हणायच्या, वाळवी लागली. त्यांच्या घरात मुंगीला शिरायची हिंमत नव्हती, वाळवी कुठून आली, हा प्रश्न आम्हाला पडायला हवा होता. पडला नाही. ऐकलेलं पुस्तक परत वाचायचं कशाला?

शेखसाहेब गेले. पुढं बाई मुलाकडं खराडीला राहायला गेल्या. फोन असायचा. “इथं लिफ्टमध्येसुद्धा इंग्रजी बोलतात,” म्हणायच्या. “मी प्रत्येक मजल्यावर मराठीत उतरते.”

गिरजेच्या कादंबरीवर सिनेमा आल्याचं कांबळेताईंच्या नातीनं, प्रज्ञानं सांगितलं. तिकिटं तिनंच काढली. बाई खराडीहून गाडी करून आल्या. आत शिरायच्या आधी प्रज्ञा म्हणाली, “आज्जी लोक, आधीच सांगते हां, लूजली बेस्ड आहे. सेम टू सेम शोधू नका, प्लीज.”

“लूज म्हंजे?” हिराबाईनं विचारलं.

“सैल,” बाई म्हणाल्या. “चला, किती सैल ते बघू.”

फारच सैल होतं. गाव नव्हतंच. गिरजा खराडीत बाविसाव्या मजल्यावर राहत होती आणि काचेच्या इमारतीत नोकरीला जात होती. बाई मला म्हणाल्या, “ही माझ्या शेजारची इमारत. इथं गिरजा नाही, मी रोज बघते.” सासूच्या जागी केस कापलेली मॅनेजरीण होती. वेशीवरचं ते पानंच्या पानं पुरलेलं झाड कचेरीतल्या टेबलावर वीतभर कुंडीत उभं होतं. बाई पुटपुटल्या, “लेखकानं लावलं, यांनी छाटलं.”

हिराबाईचा एकच धोशा. “म्हैस कुठाय?”

गिरजा गाडी धुवत होती आणि गाडीशी बोलत होती. प्रज्ञा कुजबुजली, “ती गाडी म्हणजेच म्हैस आहे, आजी. सिम्बॉलिक आहे ते.”

“दूध देती का?”

पुढच्या रांगेतली पोरं खिदळली. त्यातल्या एकानं मागं वळून हिराबाईला मक्याच्या लाह्यांचा पुडा धरला. “घ्या आजी. तुमच्यामुळं पिक्चर सहन होतोय.”

मागच्या गृहस्थाचं मात्र पहिल्यापासून चुकचुकणं चालू होतं. दर प्रसंगाला “छे!” मध्यंतरात एक बाई रडून लाल झाल्या होत्या आणि त्यांचे यजमान त्यांना म्हणत होते, “अगं, अजून काही झालेलंच नाही.”

शेवटी ती विहीर आली. म्हणजे पोहण्याचा तलाव. संध्याकाळची वेळ, आजूबाजूला कोणी नाही. गिरजा कचेरीच्या कपड्यांत काठावर आली आणि तिनं पायातल्या चपला काढल्या. माझा हात खुर्चीच्या दांडीवर होता, त्यावर बाईंचा हात पडला. त्या पडद्याकडंच बघत होत्या. हात घट्ट होता.

गिरजेचा फोन वाजला. शेजारची म्हातारी होती. “अगं, कुठंयस? चावी तुझ्याकडं आणि मी दारात उभी.” गिरजेनं पाण्याकडं पाहिलं, फोनकडं पाहिलं आणि हसायला लागली. म्हणाली, “आले, आले.”

“आले गं, आले!” आम्ही तिघी एकदम ओरडलो. कांबळेताई प्रज्ञाला म्हणाल्या, “बघ! एवढं एक मात्र अगदी पुस्तकातलं ठेवलंय!” हिराबाई म्हणाली, “म्हशीचा फोन केला, पर केला!” आणि टाळ्या. त्याच वेळी तो गृहस्थ उभा राहिला.

पुढचं वर सांगितलंय.

बाहेर दालनात लोक घोळक्यानं बोलत होते. कोणी म्हणत होतं गाणी बरी होती. एक मुलगी फोनवर सांगत होती, “आई, मी आत्ता येते घरी, असंच, काही नाही.” एक म्हातारे म्हणाले, मला मध्यंतरानंतर झोप लागली, चांगला वाटला. तो गृहस्थ पुस्तक हातात घेऊन बाईंसमोर आला.

“बाई, तुम्ही शिकलेल्या दिसता. तुम्हीच सांगा, ही हत्या नाही का?”

“कोणाची?”

“गिरजेची! लेखकाच्या गिरजेची!”

“ती तर जगलीय,” बाई म्हणाल्या. “तुमची तक्रार नेमकी काय आहे?”

गृहस्थ पुस्तकाचं शेवटचं पान पुन्हा उघडून बघायला लागला. आम्ही बाहेर पडलो, पण हसलो नाही. प्रज्ञा बाईंसाठी गाडी बघायला थांबली आणि आम्ही कोपऱ्यावरच्या अमृततुल्यात बसलो. चहा आला. कांबळेताईंनी कपाला हात लावला नाही.

“बाई, पुस्तकात ती मरते?”

“मरते.”

“आणि तुम्ही आम्हाला वाचून दाखवलंत ते?”

“ते पुस्तकात नाही.”

“म्हैस?” हिराबाईनं विचारलं.

“म्हैस आहे. पण शेवटी ती ओरडत नाही. गोठ्यात गप्प उभी आहे.”

हिराबाईनं टेबलावर हात आपटला. कप नाचले. “म्हंजे हंबरली ती तुमची म्हैस! आन्‌ मी इतकी वर्सं त्या बापड्या लेखकाला शिव्या घालती!”

“त्याची माफी मी मनात रोज मागते,” बाई म्हणाल्या.

मला हसू फुटलं. कांबळेताईंना नाही. त्या म्हणाल्या, “बाई, तुम्ही झाडाचं एक पान गाळलं नाहीत आणि बाईचं मरण गाळलंत? मी चारचौघांत भाषण केलं. माझ्या मुलींना ती गोष्ट सांगून वाढवलं. तुमचा शब्द म्हणून. का केलंत असं?”

“मला वाटलं म्हणून.”

“हे उत्तर तुम्ही वर्गात चालवून घेतलं असतंत?”

“नाही,” बाई म्हणाल्या. “उभं केलं असतं.”

आणि त्या खरंच उठून उभ्या राहिल्या. त्या वयात, गुडघे धरून, चहाच्या दुकानात, सगळ्यांसमोर. हात पाठीमागं. चहावाल्याला वाटलं निघाल्या. कांबळेताई जर आणखी काही बोलल्या असत्या तर बाईंनी ते उभं राहून ऐकलं असतं आणि तसंच घरी नेलं असतं. माझ्याकडं त्यांनी एकदाही पाहिलं नाही. अगदी ठरवून पाहिलं नाही.

मला थेटरातच कळलं होतं. मी म्हटलं, “बाई, बसा. कांबळेताई, ते माझ्यामुळं. मी त्या दिवसांत गच्चीवर जात होते.”

“गच्चीवर सगळेच जातात,” कांबळेताई म्हणाल्या.

“कपडे नसताना.”

कांबळेताई माझ्याकडं बघत राहिल्या. त्या दिवसभर कचेरीत असायच्या, त्यांना कुठून कळणार? मग त्यांनी चहाचा कप उगाच पुढं सरकवला, मागं घेतला.

हिराबाई बशीत चहा ओतत म्हणाली, “मला ठावं व्हतं.”

“तुला कसं ठाऊक?”

“मग भर पावसाळ्यात गच्चीवर पापड कोन वाळवतं गं? निस्ते ओले पापड घेऊन बसायची मी कठड्यापाशी. नवरा म्हनायचा, येडी झाली. सगळ्या पापडांना बुरा आला.”

“ते पापड तू आम्हाला दिलेस!” कांबळेताई म्हणाल्या. “आम्ही तळले!”

“मग? टाकायचे व्हय?”

कांबळेताई आधी रडल्या, मग हसल्या, मग दोन्ही एकदम करायला लागल्या. बाईंचा हात धरून त्यांना खाली बसवत म्हणाल्या, “ठीक आहे, बाई. पण मला बाजूला घेऊन सांगायचं होतंत. मी निदान भाषण तरी केलं नसतं.”

“भाषण चांगलं असणार,” बाई म्हणाल्या. “संदर्भ चुकला असेल.”

मी बाईंना विचारलं, “शेवट आधी ठरवला होता?”

“नाही गं. आदल्या दिवशी विहिरीपाशी पुस्तक मिटलं तेव्हा तुझ्याकडं पाहिलं. तू शेंगा सोलायची थांबली होतीस. रात्रभर विचार केला, काय घालू? धारेची वेळ सुचली. मला वाटलं, कोणाला तरी आपली वेळ माहीत असली की माणूस उठतं.” मग चहाचा घोट घेऊन म्हणाल्या, “फक्त म्हैस रेकते हे ठाऊक नव्हतं.”

“अजून तरी येतं का?” हिराबाई म्हणाली. “करून दावा.”

“काय?”

“रेकून दावा. एवढी वर्सं लेखकाचं नाव खराब केलं, शिक्षा नको?”

तेवढ्यात प्रज्ञानं गाडी आल्याचं सांगितलं. बाई रस्त्यापर्यंत आल्या, गाडीत बसल्या. हिराबाई खिडकीला लटकली होती. तिनं रस्त्यावर उभं राहून नाकातून, घशातून एक लांबलचक रेकणं काढलं, की पलीकडं रिक्षावाला दचकला. बाईंनी करून पाहिलं.

“ह्ये शेळीचं झालं. पोटातून घ्या.”

गाडी सुटली. सिग्नलपाशी थांबली. मग खिडकीची काच पूर्ण खाली आली आणि महापालिका शाळेच्या शेखबाईंनी मान बाहेर काढली. डोक्यावरचा पदर सावरला, डोळे मिटले आणि भर रस्त्यात रेकल्या. असल्या रेकल्या, की दोन दुचाकीवाले वळून बघायला लागले आणि गाडीच्या चालकानं हॉर्न दाबला.

“आत्ता जमलं!” हिराबाई ओरडली.

बाईंनी खडूवाला हात हलवला. सिग्नल सुटला. मी त्यांना पाहिलं ते शेवटचं.

पुढं पावसाळ्यात त्या गेल्या. झोपेत गेल्या, कोणाला त्रास नाही. त्यांच्या मुलानं त्यांची पुस्तकं वाटली. माझ्याकडं गिरजेची कादंबरी आली. वाळवी वगैरे काही नाही, कोरी करकरीत आहे. मी ती अक्षराखाली बोट ठेवून वाचली. फार दिवस लागले. झाड फार चांगलं लिहिलंय, एकटीनं वाचताना कळलं. शेवटचं पानही वाचलं. गिरजा मेली.

मी वाचले.